अडीचशे ग्रॅमची पळवाट

परदेशी निघालेल्या हौशी ड्रोनवाल्याला ‘परवानगीचं काय?’ असं विचारलं, की हटकून एक उत्तर येतं : ‘आपला अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे.’ त्याच्या लेखी विषय तिथेच संपतो. खोक्यावर २४९ ग्रॅम छापलंय, म्हणजे नोंदणी नको, परीक्षा नको, कुणाला विचारायलाही नको. हा आकडा ताईतासारखा झालाय. गळ्यात बांधला की कुठल्याही देशात बाधा होणार नाही, अशी समजूत.

९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या पॅलिसेड्स वणव्यावर पाणी टाकणाऱ्या ‘सुपर स्कूपर’ विमानाला असाच अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन धडकला. विमानाच्या पंखाला साधारण तीन इंच बाय सहा इंचाचं भोक पडलं. नुकसान ६५ हजार डॉलरच्या वर गेलं, आणि ऐन वणव्यात ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर बसलं. ड्रोनवाला सांता मोनिकातल्या एका पार्किंग इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर उभा होता. वणव्याने काय नुकसान केलंय, एवढंच त्याला पाहायचं होतं. ड्रोन अडीच किलोमीटरहून लांब गेला, नजरेआड झाला आणि पुढे जे व्हायचं ते झालं.

मुळात अडीचशे ग्रॅमचा आकडा कुठून आला? २०१५ मध्ये अमेरिकेत ड्रोन नोंदणीचे निकष सुचवणाऱ्या कृतिगटाने हिशेब मांडला होता, की ड्रोन वरून एखाद्याच्या डोक्यावर पडला तर तो माणूस दगावण्याची शक्यता किती. त्यातून ही मर्यादा निघाली. विमानाशी टक्कर हा त्या हिशेबाचा भागच नव्हता. पुढे अनेक देशांनी तोच आकडा उचलला आणि कंपन्यांनी त्याच्या एक ग्रॅम खाली यंत्रं बेतली. जपानमध्ये तेव्हा मर्यादा २०० ग्रॅम होती, म्हणून डीजेआय या ड्रोन कंपनीने तिथे आपल्या मॅव्हिक मिनी ड्रोनची हलक्या बॅटरीची १९९ ग्रॅमची आवृत्ती विकली. २० जून २०२२ रोजी जपानने मर्यादा १०० ग्रॅमवर आणली आणि १९९ ग्रॅमची ती सारी करामत एका दिवसात वाया गेली. ब्रिटनमध्येही १ जानेवारी २०२६ पासून १०० ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोन उडवणाऱ्याला परीक्षा देऊन ‘फ्लायर आयडी’ घ्यावा लागतो. युरोपीय संघात वजन कितीही कमी असो, कॅमेरा असला आणि ते खेळणं म्हणून प्रमाणित नसलं, तर चालवणाऱ्याची नोंदणी सक्तीची आहे. सकाळी पॅरिसमध्ये न्याहारी करून आगगाडीने दुपारी लंडनला उतरलेल्या माणसाच्या पिशवीतलं यंत्र तेच असतं. कायद्याच्या लेखी ते दुसरंच होऊन उतरतं.

ड्रोनकडे आपण ‘उडणारा कॅमेरा’ म्हणून पाहतो. कॅमेरा कुठेही नेता येतो, फार तर संग्रहालयात कुणी ‘फोटो काढू नका’ म्हणतं. पण ड्रोन हे विमान आहे, आणि विमानाच्या बाबतीत जगाचा मूळ करार नेमका उलटा आहे. १९४४ च्या शिकागो करारातलं आठवं कलम सांगतं, की वैमानिकाविना उडणारं कुठलंही विमान दुसऱ्या देशाच्या भूमीवरून त्या देशाच्या खास परवानगीशिवाय उडवता येणार नाही. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हौशी पर्यटक नव्हता हे उघड आहे. पण तत्त्व तेच राहिलं. आकाश यजमानाचं आहे. परवानगी आहे असं धरून चालायचं आणि कुणी अडवलं तर थांबायचं, हा क्रम पाहुण्याला शोभत नाही. दार बंद आहे असं धरून चालावं आणि उघडलं तरच आत जावं.

काही दारं तर खरोखरच बंद आहेत. इजिप्तमध्ये २०१७ च्या कायद्याप्रमाणे संरक्षण मंत्रालयाच्या परवानगीविना ड्रोन आणणं, बाळगणं, उडवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. पिरॅमिडचा वरून काढलेला फोटो कितीही देखणा दिसला तरी. मोरोक्कोत परवानगीशिवाय आणलेला ड्रोन कस्टमवाले विमानतळावरच ठेवून घेतात. क्यूबा आणि निकाराग्वातही तीच गत. भारतात ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे; संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. परदेशात स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला ड्रोन भारतातल्या विमानतळावर गेलाच म्हणून समजा.

काही दारं मात्र रातोरात बंद होतात. २०१९ च्या ईस्टर बॉम्बस्फोटांनंतर चार दिवसांत श्रीलंकेने देशभर ड्रोनबंदी केली. जानेवारी २०२२ मध्ये अबुधाबीवर हल्ला झाल्यावर संयुक्त अरब अमिरातीने हौशी उड्डाणं थांबवली. त्यात थोडी ढिलाई यायला तीन वर्षं लागली. ३० जुलै २०२५ पासून कंबोडिया सीमेवरच्या संघर्षामुळे थायलंडने देशभर ड्रोन जमिनीवर आणले. मार्चमध्ये वाचून ठेवलेले नियम ऑगस्टमध्ये चालतीलच असं नाही. त्यामुळे नियम तीनदा पाहावेत : तिकीट काढण्यापूर्वी, निघायच्या आठवड्यात आणि उडवायच्या दिवशी सकाळी. पाहायचे ते त्या देशाच्या हवाई प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर. ‘गेल्या वर्षी आम्ही उडवला, कुणी काही बोललं नाही’ हा नियम नसतो, ते नशीब असतं.

कस्टमबद्दल आणखी थोडं, कारण बहुतेकांची फजिती इथेच होते. ड्रोन घेऊन निघताना आपल्याच देशाच्या कस्टमकडून नोंद करून घ्यावी. भारतातून निघणाऱ्याला एक्स्पोर्ट सर्टिफिकेट मिळतं, अमेरिकेतून निघणाऱ्याला ४४५७ क्रमांकाचा फॉर्म. त्यावर ड्रोन, रिमोट आणि बॅटऱ्यांचे अनुक्रमांक हवेत. परतताना ‘हा इथूनच नेला होता’ हे सिद्ध करायला मोबाइलमधलं बिल पुरत नाही. ही नोंद रांगेत उभं राहून, वस्तू दाखवून करायची असते, तेव्हा तासभर आधी पोचावं. आणि सहलीत दोन देश असतील, त्यातला एक बंदीचा असेल, तर ड्रोन नेण्याआधी मार्ग कागदावर मांडावा. स्पेन आणि मोरोक्को एकाच सहलीत करणाऱ्याने ड्रोन स्पेनमध्येच कुठेतरी ठेवून पुढे जावं. मोरोक्कोत शिरताना जमा झालेला ड्रोन घ्यायला त्याच विमानतळावर परत यावं लागतं, आणि परतीचं विमान दुसऱ्याच शहरातून असतं.

आता उघड्या दारांकडे. युरोपची रचना मला आजवरची सर्वांत समंजस वाटते, निदान कागदावर तरी. युरोपीय संघाबाहेरचा पाहुणा जिथे पहिल्यांदा उडवणार असेल त्या देशात ऑनलाइन नोंदणी करतो. ती संघातल्या सर्व देशांत, शिवाय आइसलँड, नॉर्वे, लिश्टेनस्टाइन आणि स्वित्झर्लंडमध्ये चालते. नोंदणी ड्रोनची नसते, माणसाची असते. मिळालेला एकच क्रमांक आपल्या सगळ्या ड्रोनवर चिकटवायचा. इथे एक बारीक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. क्रमांकाच्या शेवटी छोट्या आडव्या रेघेनंतर तीन अक्षरं असतात. ती गुप्त असतात, ड्रोनवर लिहायची नसतात. पण रिमोट आयडीसाठी, म्हणजे उडता ड्रोन आपली ओळख रेडिओवरून जाहीर करतो त्या सोयीसाठी, ॲपमध्ये क्रमांक भरताना ती भरावीच लागतात, नाहीतर ॲप क्रमांक स्वीकारत नाही आणि माणूस डोंगरावर उभा राहून संकेतस्थळाला शिव्या घालतो. अडीचशे ग्रॅमच्या वरच्या ड्रोनसाठी ४० प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा आहे, ७५ टक्के गुण हवेत. प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. आपल्या देशातला परवाना कितीही मोठा असला तरी इथे त्याला किंमत नाही.

अमेरिकेत हौशी उड्डाणासाठी ‘ट्रस्ट’ नावाची फुकट परीक्षा वजन कितीही असलं तरी द्यावी लागते, पाहुण्यालाही. अडीचशे ग्रॅमपासून पुढे पाच डॉलर भरून नोंदणी आणि सोबत रिमोट आयडी. जपानमध्ये १०० ग्रॅमपासून नोंदणी आणि रिमोट आयडी. शिवाय दाट वस्तीवर, रात्री, किंवा माणसं आणि इमारतींच्या ३० मीटरच्या आत उडवायचं तर वेगळी परवानगी, आणि तिचा अर्ज किमान दहा कामाचे दिवस आधी. टोकियोत उतरल्यावर हॉटेलात बसून अर्ज करणारा परतीच्या विमानात बसेल तेव्हा उत्तर येईल. थायलंडमध्ये कॅमेऱ्याच्या ड्रोनसाठी दोन नोंदण्या लागतात, एक रेडिओ लहरींच्या खात्याकडे आणि दुसरी हवाई प्राधिकरणाकडे; वर दहा लाख बाथचा तृतीयपक्ष विमा, आणि उंची ९० मीटरपर्यंतच.

रेडिओचं खातं वेगळं कशाला, असं वाटेल. रिमोट हा रेडिओ ट्रान्समीटर आहे आणि लहरींची वाटणी प्रत्येक देशाने आपापली केलेली आहे. युरोपात २.४ गिगाहर्ट्झवर १०० मिलिवॉट आणि ५.८ वर २५ मिलिवॉट एवढीच शक्ती हौशी ड्रोनला मिळते. अमेरिकेत बरीच जास्त. चांगला ड्रोन जीपीएसवरून देश ओळखून शक्ती आपोआप कमी करतो. ती पुन्हा वाढवणारी जुगाडू ॲपं मिळतात आणि वापरणाऱ्यांना त्यात मोठा पराक्रम वाटतो. तो त्या देशाच्या रेडिओ कायद्याचा भंग असतो. जपानमध्ये तर गॉगल लावून उडवायच्या ड्रोनचा ५.८ गिगाहर्ट्झचा व्हिडिओ ट्रान्समीटर हौशी रेडिओ परवान्याशिवाय चालूच करता येत नाही.

वजनाबद्दल एक कानगोष्ट. २४९ ग्रॅम हे कारखान्यातून निघालेल्या ड्रोनचं वजन असतं. त्यावर पंख्यांची जाळी, लेन्सवरचा फिल्टर, रात्रीचा दिवा, नोंदणीची चिठ्ठी असं एकेक चढत जातं. डीजेआय मिनी ३ ला मोठी ‘प्लस’ बॅटरी लावली की तो साधारण २९० ग्रॅमचा होतो. यंत्र तेच, नियम वेगळे. निघण्यापूर्वी ड्रोन उडायच्या अवस्थेत, सगळं लावून, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ठेवावा आणि फोटो काढून ठेवावा. पोलिसांना खोक्यावरचा आकडा दाखवून काही होत नाही.

एवढं सगळं झाल्यावर माणसाला वाटतं, झालं एकदाचं. नाही झालं. ही फक्त आकाशाची परवानगी. ड्रोन उडतो जमिनीवरून, आणि जमिनीचा मालक वेगळा असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये जून २०१४ पासून ड्रोन उडवणं, उतरवणं, उद्यानात उभं राहून चालवणंही बंद आहे; सहा महिने कैद आणि पाच हजार डॉलरपर्यंत दंड. बंदीनंतर दोन महिन्यांनीच एका पर्यटकाने यलोस्टोनच्या ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत उष्ण झऱ्यात ड्रोन पाडला. हजार डॉलर दंड आणि त्यावर दोन हजारांहून अधिक भरपाई. न्यूझीलंडमध्ये ज्याच्या जमिनीवरून जायचं त्याची संमती घ्यावी लागते आणि ज्या माणसांवरून जायचं त्यांचीही. जर्मनीत राहत्या घरांवरून कॅमेऱ्याचा ड्रोन घरमालकाच्या होकाराशिवाय न्यायचा नाही. जपानमध्ये १०० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनलाही अनेक नगरपालिकांच्या बागा बंद आहेत. म्हणून विचारणा तिघांकडे करायची : आकाशाच्या खात्याकडे, जमिनीच्या मालकाकडे, आणि खाली जो माणूस आहे त्याच्याकडे. एकाचा होकार दुसऱ्याला लागू पडत नाही. बहुतेक भांडणं यातूनच होतात. नकाशावर परवानगीचा हिरवा रंग पाहिलेला माणूस पहारेकऱ्याशी हुज्जत घालतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

नकाशावरून आठवलं. अनेक जण अजून समजतात की बंदी असेल तिथे ड्रोन उडणारच नाही, ॲप अडवेल. एके काळी डीजेआयचे ड्रोन विमानतळाजवळ खरंच उडत नसत. ती कुंपणं कंपनीने २०२४ मध्ये युरोपातल्या बऱ्याच भागात आणि १३ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत काढून टाकली. आता इशारा येतो, तो अंगठ्याने बाजूला सारता येतो, ड्रोन वर जातो. जबाबदारी पुरती चालवणाऱ्यावर आली आहे आणि माझ्या मते ते योग्यच झालं. पण ही बातमी ज्याच्यापर्यंत पोचली नाही, तो ‘ड्रोन उडतोय म्हणजे चालतंय’ असं समजून विमानतळाच्या वाटेवर उडवत राहणार. ॲपच्या नकाशाऐवजी त्या देशाचा अधिकृत नकाशा पाहावा. तोही नेट असतानाच पाहून स्क्रीनशॉट घ्यावा, कारण जिथे उडवावंसं वाटतं तिथे नेट नसतं.

उंचीचा गोंधळ तर नियम पाळणाऱ्यांचाही होतो. बहुतेक ठिकाणी १२० मीटरची मर्यादा आहे, पण कशापासून? युरोपात ती ड्रोनच्या सर्वांत जवळच्या जमिनीपासून मोजतात. रिमोटवर दिसणारी उंची मात्र जिथून उडवला त्या जागेपासूनची असते. तीनशे मीटर उंच कड्यावर उभं राहून ड्रोन पन्नास मीटर वर नेला आणि समोर दरीवर सरकवला, तर पडद्यावर ५० दिसतं. खालची जमीन साडेतीनशे मीटरवर, आणि जवळचा कडा मागे पडत चाललेला. कड्यापासून १२० मीटर दूर गेलं की नियम मोडला, पडद्यावरचा आकडा हललेलाही नसतो. उलट डोंगरउतारावरून माथ्याकडे चढवताना युरोपच्या सी-० या अडीचशे ग्रॅमच्या आतल्या गटातला ड्रोन उड्डाणस्थळापासून १२० मीटरवर अडतो, जमीन त्याच्या पोटाखाली दहा मीटरवर असली तरी. यंत्राला डोंगर कळत नाही. दऱ्याखोऱ्यांत हेलिकॉप्टरं खालून येतात, विशेषतः बचावाची. आवाज कानावर आला की ड्रोन खाली घ्यायचा. कुठल्या दिशेने येतंय हे शोधत बसायचं नाही.

आणि दिसणं. बहुतेक देशांत हौशी ड्रोन उघड्या डोळ्यांना दिसत राहिला पाहिजे, पडद्यावर नव्हे. जाहिरात दहा किलोमीटरची असते. ड्रोनचं तोंड कुठे आहे हे किती अंतरापर्यंत कळतं यासाठी युरोपात एक सूत्र वापरतात : मीटरमधली सर्वांत मोठी लांबी गुणिले ३२७, अधिक २०. पंख्यांसकट ३६ सेंटिमीटरच्या मिनी ३ ला हे लावलं तर अंतर येतं साधारण १३८ मीटर. ठिपका म्हणून तो याच्या पुढेही दिसेल, पण तो येतोय की जातोय ते कळणार नाही. हा आकडा ज्याला हास्यास्पद वाटतो त्याने एकदा मोकळ्या मैदानावर पडदा झाकून ड्रोन परत आणून पाहावा. पडद्याकडे पाहत दोन किलोमीटरवरचा ड्रोन चालवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. फरक इतकाच, की इथे शेळी विमानाच्या वाटेत शिरते.

परक्या जागी ड्रोन हरवण्याची कारणं फार थोडी आहेत आणि तीच तीच आहेत. पहिलं वारा. मिनी ३ साध्या मोडमध्ये सेकंदाला जास्तीत जास्त दहा मीटर जातो. जमिनीवर झुळूक असते तेव्हा शंभर मीटरवर सेकंदाला आठ-नऊ मीटरचा वारा असू शकतो. जाताना वाऱ्यासोबत भुर्रकन गेलेला ड्रोन येताना जागच्या जागी तरंगतो आणि बॅटरी संपते. उपाय : आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, परतताना वारा पाठीशी घ्यायचा, अडकलाच तर स्पोर्ट मोड लावून उंची कमी करायची, कारण खाली वारा कमी असतो. दुसरं, परतीची उंची. सिग्नल तुटला की ड्रोन ठरवलेल्या उंचीवर चढून सरळ घराकडे निघतो. ही उंची मागच्या सहलीत सपाट किनाऱ्यासाठी तीस मीटर ठेवलेली असते आणि आता मध्ये साठ मीटरचा सुळका असतो. प्रत्येक नव्या जागी ती आसपासच्या सर्वांत उंच गोष्टीहून वर लावावी. तिसरं, बोट. ‘घर’ म्हणून नोंदवलेली जागा पाण्यातच राहते, बोट पुढे जाते, आणि ड्रोन इमानेइतबारे समुद्रात उतरतो. चौथं होकायंत्र : शेकडो किलोमीटर प्रवासानंतर ॲप ते जुळवायला सांगतं. सळ्यांच्या काँक्रीटवर, गाडीच्या टपाजवळ, हातात धातूचं घड्याळ घालून ते जुळवलं तर ड्रोन हवेत गोल गोल फिरू लागतो. फर्मवेअर निघण्यापूर्वीच अद्ययावत करावं आणि ॲपमध्ये एकदा लॉगिन करून ठेवावं. परदेशात ओटीपी घरच्या नंबरवर येतो आणि तो नंबर बंद असतो.

बॅटऱ्यांचा नियम मात्र जगभर बराचसा एक आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानाच्या बॅगेत नाही, हातातल्या बॅगेत. प्रत्येकीवर वॅट-तास छापलेले असतात. नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. ७.३८ व्होल्ट आणि २४५३ मिलिअँपिअर-तासांची मिनीची बॅटरी १८.१ वॅट-तास भरते. शंभरपर्यंत विमान कंपनीला विचारावं लागत नाही, शंभर ते एकशेसाठ असेल तर विचारावं लागतं आणि दोनच नेता येतात, त्यापुढची नेताच येत नाही. टोकांवर झाकण किंवा चिकटपट्टी लावावी. किल्ली किंवा नाणं दोन टोकांना एकदम टेकलं की बॅटरी पेटायला पुरे. फुगलेली बॅटरी कुठेही न्यायची नाही. अर्ध्याच्या आसपास चार्ज असलेल्या बॅटऱ्या न्याव्यात, पोचल्यावर भराव्यात.

प्राण्यांची बाजू घ्यायला कुठलाच कस्टम अधिकारी नसतो. मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका अभयारण्यात एक ड्रोन पडला. घरट्यांवर बसलेले सुमारे तीन हजार एलिगंट टर्न, म्हणजे सुरय पक्षी, शिकारी आला असं समजून उडून गेले आणि परतलेच नाहीत. दीड हजाराहून अधिक अंडी वाळूत तशीच राहिली. ‘प्राणी शांत होता, मान वर करूनही पाहिलं नाही’ असा बचाव नेहमी ऐकू येतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिनेसोटातल्या अभ्यासात काळ्या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बसवली होती. ड्रोन आल्यावर बहुतेक अस्वलं जागची हलली नाहीत. एका अस्वलाचे ठोके मात्र मिनिटाला ४१ वरून १६२ वर गेले होते.

‘हौशी’ हा शब्दही तपासून घ्यावा. अमेरिकेत हौशी सवलत निव्वळ मौजेसाठी आहे. हॉटेलने व्हिडिओच्या बदल्यात एक रात्र फुकट दिली की मौज संपली आणि वेगळा परवाना लागला. युरोपात हौस आणि धंदा असा भेद नाही, धोका किती एवढंच पाहतात. विमा मात्र सगळीकडे हवा. जर्मनीत तो छोट्या ड्रोनलाही सक्तीचा आहे. प्रवासविमा ड्रोनचं धरत असेल असं मानू नये. बऱ्याच पॉलिसींत विमानांपासून झालेलं नुकसान वगळलेलं असतं, आणि तिथे आपला उडता कॅमेरा अचानक विमान ठरतो.

यावर हौशी लोकांचा राग मला समजतो. तीन खाती, चार भाषा, पाच संकेतस्थळं, आणि काही ठिकाणी स्थानिक मोबाइल नंबर असल्याशिवाय अर्जाचं पहिलं पानही उघडत नाही. सरसकट बंदीने उडवणारे कमी होतात, हेही खरं वाटत नाही. ‘ड्रोन आहे’ असं विमानतळावर सांगणाऱ्याचा ड्रोन जातो. कपड्यांत गुंडाळून नेणारा पिशवीसकट बाहेर पडतो. प्रामाणिक माणसाला दंड आणि लबाडाला मोकळं रान, असा कायदा टिकत नाही. पण या तक्रारीतून ‘म्हणून मी न विचारता उडवतो’ हा निष्कर्ष निघत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये गॅटविक विमानतळाची सुमारे एक हजार उड्डाणं विस्कळीत झाली, १ लाख ४० हजार प्रवासी अडकले, आणि तो ड्रोन कुणाच्या हाती लागला नाही. तीन महिन्यांत ब्रिटनने विमानतळांभोवतीची बंद हद्द पाच किलोमीटरपर्यंत वाढवली. नियम भीतीतून लिहिले जातात, आणि भीती कुणाचा आहे हे न कळणाऱ्या ड्रोनची असते. रिमोट आयडीला नाकं मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आकाशातला ठिपका कुणाचा हे पोलिसाला फोनवर दिसलं, तर सगळ्यांवर बंदी घालायचं एक कारण कमी होतं.

सरकारांकडे मागायचं तर सवलत मागू नये, सोय मागावी. पासपोर्ट आणि परदेशी कार्डावर होणारी पाहुण्यांची नोंदणी. आकाश, उद्यानं आणि वस्ती एकाच ठिकाणी दाखवणारा नकाशा. आज जमिनीची बंधनं बहुतेक नकाशांत नसतात आणि ती माहिती फाटकावरच्या पाटीवर मिळते, तीही स्थानिक भाषेत. आणि जिथे बंदीच ठेवायची आहे तिथे विमानतळावर, कस्टमच्या रांगेच्या आधी, ड्रोन जमा करायची खिडकी : अनुक्रमांकासह पावती, ठरलेलं शुल्क, आणि परतीच्या दिवशी निर्गमनाच्या बाजूने परत मिळण्याची व्यवस्था. ही खिडकी असेल तिथे ड्रोन कपड्यांत गुंडाळून नेण्यात कुणाचा फायदा उरणार नाही.